पूर येईल तेव्हाच पाळणा हलतो : अ‍ॅलिगेटर गारची वीण

गढूळपाणी (डॅलस)

नद्यांच्या धाग्यावर मी इथल्या, टेक्सासमधल्या, त्रिनिटी नदीचा उल्लेख केला, तेव्हा "गार माशावर वेगळं लिही" असं दोघातिघांनी सुचवलं होतं. उशिरा का होईना, लिहितोय.

अ‍ॅलिगेटर गार म्हटलं की सगळ्यांना एकच फोटो आठवतो: मगरीच्या तोंडाचं सात फुटी धूड आणि ते कसंबसं मांडीवर पेलून हसणारा कुणीतरी गळवाला. २०११ च्या फेब्रुवारीत मिसिसिपी राज्यातल्या चोटार्ड तलावात एक गार जाळ्यात सापडला, तो १४८ किलोचा होता. लांबी साडेआठ फुटांच्या आसपास, वय तज्ज्ञांच्या अंदाजाने नव्वदीच्या पुढे. आकडे खरे आहेत, पण मला या माशाच्या पहिल्या दोन आठवड्यांचं जास्त अप्रूप वाटतं. इतकी वर्षं जगणाऱ्या माशाची पुढची पिढी उभी राहणार की नाही, हे त्या पंधरवड्यात नदी पात्राबाहेर आली का, यावर ठरतं.

आधी थोडी ओळख. गार कुळात आज सात जाती धरतात. अ‍ॅलिगेटर, ट्रॉपिकल आणि क्युबन हे तीन एका प्रजातीतले; लाँगनोज, शॉर्टनोज, स्पॉटेड आणि फ्लोरिडा हे चार दुसरीतले. सगळे उत्तर अमेरिका, मध्य अमेरिका आणि क्युबातले. अंगावर शंकरपाळ्याच्या आकाराचे, एकमेकांत घट्ट बसलेले टणक खवले. वाताशय असा की त्याचा फुप्फुसासारखा उपयोग होतो, त्यामुळे प्राणवायू संपत आलेल्या कोमट डबक्यातही गार वर येऊन हवा गिळतो आणि निभावून नेतो. हा शेवटचा गुण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता वीण. टेक्सासमध्ये हंगाम ढोबळमानाने एप्रिल ते जून. पहिली अट अशी की पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं हवं. दुसरी, त्याच वेळी नदीला पूर हवा, आणि पाणी काठ ओलांडून गवतात, झुडपांत, पडीक शेतांत पसरायला हवं. तिसरी अट बहुतेक वर्षी हुकते: ते पाणी तिथे निदान पाचसहा दिवस तरी थांबायला हवं. फेब्रुवारीत महापूर आला तर उपयोग नाही, पाणी थंडगार. मे महिन्यात पाणी मस्त तापलं पण पाऊसच नाही, तरी उपयोग नाही. आणि मे महिन्यात पूर आला पण तीन दिवसांत ओसरला, तर सगळ्यांत वाईट. अंडी गवताला चिकटलेली आणि गवत उन्हात.

जुळून आलं तर मात्र बघण्यासारखं असतं. एरवी नदीच्या खोल डोहांत पडून असणारे हे मासे गुडघाभर पाण्यात शिरतात. एक मोठी मादी, तिच्याभोवती तिच्याहून बरेच लहान तीनचार, कधी सातआठ नर. (या कुळात नर लहानच असतात.) नर तिच्या कुशीला मुस्कटाने ढुसण्या देत राहतात, मग एकदम सगळे अंग थरथरवतात, पाणी घुसळून निघतं आणि अंडी व शुक्र एकाच वेळी पाण्यात सुटतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं की झुडपात म्हशी उतरल्यात. एका मादीची अंडी सरासरी दीड लाखाच्या घरात. चिकट असतात, गवताचं पातं, बुडालेली फांदी, जे समोर येईल त्याला चिकटतात. झालं, आईबापांचं काम संपलं. घरटं नाही, राखण नाही.

पाणी कोमट असेल तर दोन ते तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं. जेमतेम सातआठ मिलिमीटरचं. या वेळी त्याला जबडा म्हणावा असा नसतो आणि पोहणंही धड जमत नाही. त्याऐवजी मुस्कटाच्या टोकाला एक चिकट चकती असते. तिने ते गवताच्या पात्याला उभं लटकून राहतं, म्हणजे तळाच्या गाळात रुतत नाही. पोटाला बलकाची पिशवी. आठवडा-दहा दिवस त्याच शिदोरीवर. या काळात पाणी उतरलं तर पळून जायची सोयच नाही. पाच दिवसांची अट येते ती इथून: अंडी फुटायला दोनतीन दिवस, आणि पिल्लाला निदान थोडं सरकता येईल इतकं बळ यायला आणखी काही.

बलक संपत येतो तशी चकती जिरते, तोंड पुढे वाढायला लागतं, दात दिसू लागतात. आधी डाफ्नियासारखे पाण्यातले बारीक जीव, डासांच्या अळ्या. आणि बघता बघता इतर माशांची पिल्लं. त्यात सख्खी भावंडंही आली. या वयात शेपटीच्या वरच्या कडेला दोऱ्यासारखा एक तंतू असतो आणि तो सतत थरथरत असतो. बाकी अंग निश्चल. पिल्लू पाण्यावर तरंगणाऱ्या काटकीचं सोंग घेऊन पडलेलं असतं, त्या तंतूच्या थरथरीवर जागा न सोडता तसूभर सरकतं आणि मग मान तिरकी करून झडप. मोठेपणी तंतू नाहीसा होतो.

वाढीचा वेग अफाट आहे. पहिलं वर्ष संपेपर्यंत दीड-दोन फूट! पूरपाण्यात खायला मुबलक आणि मोठे शिकारी मासे कमी. शिवाय उथळ पाण्यातला प्राणवायू घटला की इतर माशांची पिल्लं कासावीस होतात, तेव्हा गारची पिल्लं वर येऊन हवा घेतात. नंतर वेग मंदावतो. नर साधारण सहा वर्षांत वयात येतो, मादीला दहा-अकरा वर्षं लागतात.

तर असा हा प्रकार. प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.

खाडीवाला

झकास लेख. दोन गोष्टी. आमच्याकडे टोळ मिळतो, लांब चोच, दातेरी, काटे हिरवे. इंग्रजीत त्यालाही गारफिश म्हणतात असं ऐकलंय. तो याचाच कुणी का?

दुसरं, हे वाचताना मला सरळ आपले चढणीचे मासेच दिसले. मिरगाचा पहिला दणका बसला की मळ्ये, शिंगट्या ओढ्यातून वर, थेट भातखाचरात. पोटं गाबोळीने फुगलेली. आमच्याकडे रात्री बत्ती घेऊन लोक त्यांच्यावर तुटून पडतात, ते वेगळं दुःख.

गढूळपाणी (डॅलस)

@खाडीवाला, टोळ वेगळा. तो उडत्या माशांचा नातलग, बहुतेक समुद्रातला. त्याच्या अंड्यांना धागे असतात, ते शेवाळात अडकतात. चोच सारखी दिसते, नातं नाही.

चढणीच्या माशांचं मात्र अगदी बरोबर. यंत्रणा तीच: ताजं पसरलेलं पाणी, बुडालेलं गवत, कोमट उथळ जागा, पिल्लांना खायला भरपूर. फरक इतकाच की आपल्याकडे पाऊस ठरल्या महिन्यात येतोच, त्यामुळे त्या माशांची पंगत दरसाल बसते. टेक्सासच्या पावसाचा काही नेम नाही. म्हणून गार आयुष्यच लांब ठेवतो.

आणि ज्या दिवसांत मासा अंडी घालायला उथळात येतो, त्याच दिवसांत तो मारायला सर्वांत सोपा. इथेही धनुष्यबाणाने मासे मारणारे असतात आणि विणीला आलेला गार गुडघाभर पाण्यात समोर उभाच असतो.

शेवंताकाकू

गाबोळीचा विषय निघालाच आहे तर विचारते. दीड लाख अंडी म्हणजे केवढी गाबोळी! तिकडचे लोक तळून खात नाहीत का? आणि मासा चवीला कसा?

बायूवाला (लुइझियाना)

काकू, मासा खुशाल खा, गाबोळीला हात लावू नका. गारची अंडी विषारी आहेत. माणसाला उलट्या-जुलाब होऊन आडवं व्हायला होतं. पक्ष्यांना आणि चिंगाटीच्या जातीतल्या क्रॉफिशलाही बाधतात. गंमत म्हणजे प्रयोगात ब्लूगिल आणि चॅनल कॅटफिश या माशांना ती खाऊ घातली, तर त्यांना काही झालं नाही.

मांस पांढरं, घट्ट, चांगलं असतं. इथले केजन लोक (लुइझियानातले फ्रेंच वंशाचे) ते चमच्याने खरवडून, बटाटा-कांदा-पात घालून गोळे तळतात, 'गार बुलेट' म्हणतात. आपल्या कटलेटची बहीणच. खरी कसरत साफ करताना. सुरी चालत नाही, पत्रा कापायची कात्री किंवा कुऱ्हाड लागते. मेक्सिकोत ताबास्को राज्यात ट्रॉपिकल गारला पेहेलागार्तो म्हणतात आणि तोंडात काठी खुपसून अख्खा भाजतात. तिथे त्याची शेतीही करतात.

गढूळपाणी यांनी नैसर्गिक विणीचं लिहिलंय, मी केंद्रातली बाजू सांगतो. शिकत असताना काही दिवस एका मत्स्यबीज केंद्रात होतो. गारची पिल्लं वाढवण्यात अंडी मिळवणं ही अडचण नाही. अडचण आहे ती बलक संपल्यानंतरच्या दिवसांची. तोवर सगळी शिस्तीत टाकीच्या भिंतीला लटकलेली असतात. एकदा तोंड फुटलं की जो दोन मिलिमीटर मोठा, तो शेजाऱ्याला शेपटीकडून गिळायला लागतो. कधी कधी गिळणं अर्धवट राहतं आणि दोघेही मरतात. म्हणून सतत आकारानुसार वेगळं करायचं आणि आर्टेमिया या बारीक झिंग्यांचा खुराक अजिबात खंडू द्यायचा नाही. रात्री उशीर झाला तर सकाळी टाकीत पिल्लं कमी आणि पोटं मोठी.

निळीशाई

वाचनखूण साठवली. पण एक शंका. दीड लाख अंडी दरवर्षी घालत असेल आणि मादी पन्नास वर्षं जगत असेल, तर पूर नसतानाही नदीकाठच्या गवतात थोडीफार पिल्लं जगतीलच की. "पुराशिवाय पिढी नाही" हे जरा ताणलेलं वाटत नाही का? आणि कुठल्या वर्षी किती पिल्लं जगली हे मागाहून कळतं तरी कसं? कुणी मोजत बसलं होतं का?

गढूळपाणी (डॅलस)

@निळीशाई, थोडीफार वीण बऱ्याच वर्षी होते, हे खरं. एखादा ओहोळ तुंबतो, बंधाऱ्यामागे गवत बुडतं, तिथे काही पिल्लं निघतात. पण त्याने नदी भरत नाही. जोमदार पिढी पुराच्या वर्षीचीच.

हे कळतं कानातल्या खड्यांवरून. घोळ किंवा ढोमा साफ करताना डोक्यात पांढरे खडे सापडतात ना, तेच; शास्त्रीय नाव ओटोलिथ. झाडाच्या खोडात असतात तशी त्यात वर्षाला एक वलय पडतं. नदीतून बरेच मासे तपासले, प्रत्येकाचं जन्मवर्ष काढलं आणि ते नदीच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदींशेजारी मांडलं, की दिसतं: काही वर्षांची गर्दी, काही वर्षं जवळजवळ रिकामी. गर्दीची वर्षं उन्हाळ्याच्या तोंडाशी लांबलेल्या पुरांची. २०१५ चा मे महिना टेक्सासच्या नोंदींतला सगळ्यांत पावसाळी महिना होता. त्रिनिटीचं पाणी आठवडेच्या आठवडे पात्राबाहेर. नंतर त्या वर्षीची पिल्लं नदीत भरपूर सापडली.

पिल्लांच्या खड्यात तर रोजचं एक वलय असतं. म्हणजे ऑगस्टमध्ये पकडलेल्या पिल्लाची वलयं मोजली की ते कुठल्या तारखेला अंड्यातून बाहेर आलं हे सांगता येतं, आणि त्या तारखेला नदी किती फुटांवर होती हे सरकारी नोंदीत असतंच.

निळीशाई

रोजचं वलय! हे माहीत नव्हतं. पण मोठ्या माशाची वलयं खरंच वर्षाला एकच पडतात, याची खातरजमा? साठ-सत्तर वर्षांच्या माशात चूक सहज होईल.

बायूवाला (लुइझियाना)

ती केली आहे, आणि पद्धत भारी आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे जगभर हवेत आणि पाण्यात कार्बन-१४ वाढला. त्या काळात जन्मलेल्या माशाच्या खड्याच्या गाभ्यात हा वाढीव कार्बन-१४ सापडतो, आधी जन्मलेल्यात नाही. वलयं मोजून काढलेलं वय आणि गाभ्यातला कार्बन यांची सांगड घातली, तेव्हा साठ वर्षांच्या पुढच्या अ‍ॅलिगेटर गारपर्यंत वलयांचा हिशेब बरोबर निघाला.

अश्मक (नागपूर)

धागा वाचून राहवलं नाही. गार अमेरिकेचा खरा, पण आज. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ डोंगरगाव आहे. डायनासोरच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेल्या पिसदुऱ्यापासून जवळच. तिथल्या लॅमेटा थरांतून (डायनासोरच्या काळातले खडक) मिळालेल्या माशांच्या अवशेषांवर ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली लिहिलं, आणि त्यातल्या एकाला नाव दिलं लेपिडॉस्टियस इंडिकस. म्हणजे गारच! तुटक अवशेषांवरून जात नक्की करणं अवघड असतं आणि त्यावर पुढे वाद झाले, पण कूळ हेच. काळ क्रिटेशस युगाच्या अखेरीचा, साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा.

गारचे खवले दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या तळ्यांच्या गाळातही मिळतात. बोटाच्या पेरापेक्षा लहान, काळपट, आणि वरचा मुलामा इतका तुकतुकीत की उन्हात खडकातून लगेच डोळ्यांत भरतो. मांस, काटे, कवटी सगळं गेलं तरी खवला राहतो. वुडवर्ड यांनी त्याच लेखात दुसऱ्या एका माशाला हिस्लॉप यांचं नाव दिलं, ज्यांच्या नावाने आमच्याकडे कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप. धर्मप्रसाराला आलेला माणूस दगड गोळा करत हिंडला, आमच्या शाखेवर उपकार झाले.

तेव्हा विदर्भात उथळ तळी होती, उष्ण हवा होती. त्यांची पिल्लंही तळ्याकाठच्या पाणवनस्पतींना लटकत असतील का, याचा पुरावा दगडात मिळणं कठीण. पण आजच्या सातही जाती झाडोऱ्यावर किंवा खडीवर चिकट अंडी घालत असतील, तर सवय जुनीच म्हणायची.

गढूळपाणी (डॅलस)

@अश्मक, मान गये! डोंगरगावचं मला ठाऊक नव्हतं. जुनेपणाला जोड देतो: २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जबडा असलेल्या पृष्ठवंशी प्राण्यांत गारच्या जनुकांत बदल सगळ्यांत संथ होतात. इतके संथ, की किमान दहा कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन प्रजातींतले मासे, अ‍ॅलिगेटर आणि लाँगनोज, आजही एकमेकांशी संकर करतात आणि ती संततीही प्रजननक्षम असते. असे संकरित मासे टेक्सासमध्ये त्रिनिटी आणि ब्राझोस नद्यांत मिळाले आहेत.

टाकीवाला (पुणे)

सगळे तज्ज्ञ जमलेत तर माझाही प्रश्न. दुकानातून बोटाएवढा अ‍ॅलिगेटर गार आणला होता, दुकानदार म्हणाला टाकीच्या मापाने वाढतो. आता दोन फुटांच्या वर गेलाय आणि टाकी चार फुटी. वळताना मुस्कट काचेला घासतं. जोडीला मादी आणली तर घरात वीण होईल का? पिल्लांना चांगला भाव आहे म्हणतात.

बायूवाला (लुइझियाना)

नाही होणार. वर लिहिलंय ना, मादीला वयात यायला दहा वर्षं, तोवर ती पाच फुटांच्या घरात. शिवाय नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. केंद्रात मोठी तळी असतात, बरेचदा संप्रेरकं टोचतात, गवत बुडवून ठेवतात, तेव्हा कुठे.

आणि "टाकीच्या मापाने वाढतो" हे निव्वळ दुकानी वाक्य आहे. चार फुटी टाकीत मासा खुंटतो, पाठ वाकते.

खाडीवाला

बोटभर मासा आणताना जरा वाचायला नको का? मग हेच लोक रात्रीत नेऊन धरणात सोडतात.

टाकीवाला (पुणे)

@खाडीवाला मी सोडलेला नाही आणि सोडणार पण नाही. म्हणूनच इथे विचारतोय. बत्ती घेऊन गाबोळीचे मासे मारणारे तुमच्याच गावचे ना?

शेवंताकाकू

अरे बाबांनो, भांडू नका. विचारतोय तो मुलगा, सांगा की सरळ.

गढूळपाणी (डॅलस)

@टाकीवाला, विचारलंत ते बरं केलंत. नदीत, तलावात, विहिरीत, कुठेही सोडू नका. मोठं तळं असलेलं मत्स्यालय किंवा प्राणिसंग्रहालय घेतं का, ते आधी बघा. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. काहीच जमलं नाही तर पशुवैद्याकडून त्याला वेदनारहित मरण देणं हे सोडण्यापेक्षा बरं. ऐकायला वाईट वाटतं, तरी.

कारण सांगतो. भोपाळच्या मोठ्या तलावात एप्रिल २०२३ मध्ये गार मिळाला, मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात साफसफाई चालू असताना मिळाला. २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत तो अरापाइमा या दुसऱ्या परदेशी माशाबरोबर सापडला. चीनमध्ये हेनान प्रांतातल्या रुझोउ शहरात २०२२ साली दोन गार पकडण्यासाठी अख्खं तळं उपसलं. एकटादुकटा मासा वीण करणार नाही हे खरं. पण वरच्या अटी पुन्हा वाचा: २० अंशांच्या वरचं पाणी, पूर, बुडालेलं गवत, पाचसहा दिवस थांबणारं पाणी. टेक्सासला हे चारपाच वर्षांतून एकदा कसंबसं मिळतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दरवर्षी मिळतं. तिकडे त्याला अडवतो तोच अडसर इकडे नाही. वयात आलेले चार मासे एका नदीत जमले तर काय होईल, याचा प्रयोग आपल्या नद्यांवर नको.

टाकीवाला (पुणे)

समजलं. सोमवारी फोन करतो. धन्यवाद काकू.

निळीशाई

धरणांबद्दल कुणी बोललं नाही. पूरच हवा असेल तर टेक्सासचे लोक वसंतात धरणातून मुद्दाम पाणी सोडत नाहीत का?

गढूळपाणी (डॅलस)

सूचना होतात, पण पूररेषेत आता घरं, शेतं, गोल्फची मैदानं. मुद्दाम पूर कोण येऊ देणार? मिसिसिपी नदीवर तर मैलोन्मैल बांध घातलेत, नदी आणि तिचं पूरमैदान यांची ताटातूटच झाली आहे. गार कमी होण्यामागे शिकार होतीच. १९३० च्या दशकात टेक्सासमध्ये गार मारण्यासाठी विजेचा झटका देणारी सरकारी होडी फिरत असे, कारण तो "कचरा मासा", चांगले मासे खातो म्हणून. पण शिकार थांबवता येते. विणीची जागा गेली की परत मिळत नाही.

म्हणून सध्याचा भर मोठ्या माद्या जिवंत ठेवण्यावर. त्या जगल्या तर चांगल्या पुराची वाट बघू शकतात. टेक्सासात बहुतेक ठिकाणी सप्टेंबर २००९ पासून माणशी दिवसाला एकच गार. २०१९ पासून त्रिनिटीच्या मोठ्या भागात चार फुटांपेक्षा लांब गार ठेवायला बंदी. टेक्सोमा तलावाच्या काही भागात मे महिनाभर तो मारायचाच नाही. आणि एक तरतूद मला फार आवडते: पूर आलाय, पाणी २० ते २८ अंशांच्या दरम्यान आहे, मासे उथळात येताहेत असं दिसलं तर टेक्सासचं वन्यजीव खातं त्या पट्ट्यात गार मारण्यावर तात्पुरती बंदी घालू शकतं. तारखेवर चालणारा नियम नाही, नदीकडे बघून चालणारा. आपल्या चढणीच्या माशांसाठी असं काही झालं तर?

बायूवाला (लुइझियाना)

इलिनॉय राज्यात गार १९९४ साली नामशेष घोषित केला होता. २०१० पासून मिसिसिपी राज्यातल्या टुपेलोच्या केंद्रातली पिल्लं तिथे सोडताहेत. ती वाढतात चांगली. पण सोडलेल्या पिल्लांनी पुढे स्वतः वीण करावी यासाठी पुन्हा तेच, वसंतात बुडणारं गवत.

लाँगनोजचं राहिलं. तो पुरावर इतका अवलंबून नाही. वसंतात लहान ओढ्यांतून वर चढतो आणि खडीवर किंवा झाडोऱ्यात अंडी घालतो. काही ठिकाणी तर स्मॉलमाउथ बास या माशाच्या घरट्यात घालतो. बासचा नर घरटं राखतो, त्या राखणीत गारची अंडीही सुरक्षित राहतात. म्हणूनच लाँगनोज अजून सगळीकडे भरपूर आहे आणि अ‍ॅलिगेटर नाही.

खाडीवाला

@गढूळपाणी, चढणीच्या बंदीचं बोललात, तर पावसाळी मासेमारीबंदी समुद्राला आहे, ओढ्याला विचारतो कोण. आमच्या वाडीत दोन वर्षांपासून ठरलंय, पहिल्या आठ दिवसांत कुणी उतरायचं नाही. पाळतात निम्मे. असो.

पोरगा ह्यूस्टनला आहे, मे महिन्यात जाणार आहे. पिल्लं बघायला मिळतील का? आणि बघितली तर ओळखायची कशी?

गढूळपाणी (डॅलस)

मे महिन्यात पाऊस झाला तरच. ह्यूस्टनहून त्रिनिटीचा खालचा भाग तासाभरावर आहे. मोठा पूर येऊन गेल्यावर दोनतीन आठवड्यांनी, नदीला जोडलेल्या बॅकवॉटरच्या कडेला, पाण्यावर पडलेला पालापाचोळा नीट न्याहाळा. एखादी काटकी वाऱ्याच्या उलट सरकली तर ती काटकी नव्हे.

पाठीवर मुस्कटापासून मागे जाणारा फिकट पट्टा दिसला तर अ‍ॅलिगेटर. कुशीवरून जाणारा गडद पट्टा ठळक असेल तर लाँगनोज किंवा स्पॉटेड. शेपटीचा थरथरता तंतू सगळ्यांनाच असतो, त्यावरून जात ठरवू नका. नवशिके नेहमी तिथेच फसतात.

हाताळू नका, फक्त बघा. आणि गमबूट घाला. गारने माणसावर हल्ला केल्याची खात्रीलायक नोंद नाही, पण त्या पूरपाण्यात कॉटनमाउथ साप असतात आणि ते बाजूला होत नाहीत.